दृष्टिपटलाची जडणघडण आणि ‘ओळख’ ही संज्ञा : एक परीक्षण

१

शास्त्रीय परिभाषेचा विचार आपल्याकडे बहुधा एकाच दिशेने होतो. परभाषेतील एखादी संज्ञा समोर येते. तिला संस्कृत धातूपासून घडविलेला प्रतिशब्द द्यावा की लोकांच्या तोंडी असलेला शब्द द्यावा, यावर चर्चा होते. आणि प्रतिशब्द ठरला की काम संपले असे मानले जाते. मूळ संज्ञा पाहिलेली गोष्ट सांगते की कल्पिलेली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक तो आधीचा प्रश्न होय.

प्रस्तुत लेखात तो एका मर्यादित क्षेत्रापुरता विचारावयाचा आहे. गर्भावस्थेत आणि जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत डोळ्याच्या दृष्टिपटलातील चेतापेशी वाढू लागतात, त्यांना फाटे फुटतात, आणि हे फाटे असंख्य शेजाऱ्यांमधून नेमक्या काही पेशींशीच संबंध जोडतात. हे कसे घडते याचे वर्णन गेली साठ वर्षे प्रामुख्याने एका शब्दाच्या आधारे होत आले आहे. तो शब्द म्हणजे ‘ओळख’. पेशी एकमेकींना ‘ओळखतात’, त्यांच्यावर ‘ओळखचिठ्ठ्या’ असतात, त्या रासायनिक ‘संकेत’ वाचतात, असे सांगितले जाते.

प्रस्तुत लेखक जीवशास्त्रज्ञ नाही. प्रयोग बरोबर की चूक, याचा निवाडा करण्याचा त्याला अधिकार नाही व तसा हेतूही नाही. परंतु चिठ्ठी, संकेत, वाचन, ओळख हे सारे शब्द भाषाव्यवहारातून उचललेले आहेत. आपल्या घरातून गेलेली भांडी शेजारी कशी वापरली जातात हे पाहण्याचा अधिकार भाषाभ्यासकास असावयास हरकत नाही.

२

प्रथम विषयाची ओळख करून घेऊ. दृष्टिपटल हे कागदासारखे पातळ पटल असले तरी त्याची रचना थरांची आहे. प्रकाश ग्रहण करणाऱ्या दंडपेशी व शंकुपेशी एका बाजूस असतात. त्यांच्याकडून आलेला क्षोभ द्विध्रुवी पेशींमार्फत गुच्छिका पेशींपर्यंत पोहोचतो. आणि गुच्छिका पेशींचे लांब अक्षतंतू एकत्र येऊन दृष्टिचेता बनते व मेंदूकडे जाते. या उभ्या मार्गाला आडवे छेद देणाऱ्या आणखी दोन जाती आहेत : क्षितिजसमांतर पेशी आणि अॅमाक्राइन पेशी. अॅमाक्राइन या नावाचा अर्थच ‘लांब तंतू नसलेली’ असा आहे. द्विध्रुवी, अॅमाक्राइन व गुच्छिका पेशी जेथे एकमेकींना भेटतात तो आतला गुंफणीचा थर पुन्हा उपथरांत विभागलेला असतो, आणि प्रत्येक जातीची पेशी ठरावीक उपथरातच आपले फाटे पसरते. एवढ्या दाट गर्दीत ही शिस्त येते कोठून, हा खरा प्रश्न आहे.

मराठीत या अवयवाला दोन नावे आहेत. शालेय पुस्तकांत ‘दृष्टिपटल’ रूढ आहे. कोशवाङ्मयात ‘जालपटल’ असेही आढळते. पहिले नाव अवयवाचे कार्य सांगते, दुसरे त्याचे रूप. हे दुसरे नाव मोठा प्रवास करून आले आहे. ग्रीक वैद्यांनी या पटलाला मासे धरण्याच्या फेकजाळ्याची उपमा दिली; अरबी वैद्यकाने ती उपमा अनुवादिली; अरबीवरून ती लॅटिनमध्ये गेली आणि तेथून युरोपीय भाषांत व आपल्याकडे आली. गंमत अशी की, पेशींची परस्पर गुंफण दिसू लागण्यापूर्वी कित्येक शतके हे ‘जाळे’ नावात येऊन बसले होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सारी चेतासंस्था म्हणजे एक अखंड जाळे होय, असे कामिल्लो गॉल्जी मानीत. सांतियागो रामोन इ काहाल यांनी गॉल्जींच्याच रंजनपद्धतीने दाखविले की, प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे व ती दुसरीला केवळ स्पर्शते. १९०६ चे नोबेल पारितोषिक या दोन विरोधकांना विभागून मिळाले. उपमा नावात शिरली म्हणजे ती पुराव्यावाचूनही किती काळ टिकते, याचे हे पहिले उदाहरण.

काहाल यांनी १८९० मध्ये वाढत्या अक्षतंतूच्या टोकाशी असलेला शंकूसारखा फुगीर भाग वर्णिला. तटबंदीवर आदळणाऱ्या ओंडक्याची उपमा त्यांनी त्याला दिली. परंतु हा ओंडका जिवंत व लवचीक आहे, तो वाट काढीत जातो, असेही सांगितले. पृष्ठवंशी प्राण्यांच्या दृष्टिपटलावर त्यांनी १८९२-९३ च्या सुमारास लिहिलेल्या प्रबंधात एक अनुमानही आहे : काही पेशी विशिष्ट द्रव्ये स्रवीत असाव्यात आणि वाढते तंतू त्यांच्याकडे ओढले जात असावेत. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, काहाल यांच्या शब्दांत आकर्षण आहे, ओळख नाही. लोखंड चुंबकाकडे जाते, ते चुंबकाला ओळखते असे आपण म्हणत नाही.

३

‘ओळख’ ही संज्ञा या क्षेत्रात प्रतिष्ठित झाली ती मुख्यतः रॉजर स्पेरी यांच्या लेखनामुळे. त्यांचे गुरू पॉल वाइस यांचे मत असे होते की, तंतूंची जोडणी कशीही झाली तरी चालते. आपल्याला अनुरूप अशा स्पंदनालाच प्रत्येक अवयव प्रतिसाद देतो. हा अनुनादाचा सिद्धान्त. स्पेरींनी तो प्रयोगाने मोडून काढला. १९४० नंतरच्या वर्षांत त्यांनी पाणसरडे व बेडूक यांची दृष्टिचेता तोडली आणि डोळा खोबणीतच १८० अंशांनी फिरविला. तुटलेले तंतू पुन्हा वाढले, प्राणी पाहू लागला; परंतु माशी वर असता तो खाली झेप घेई. ही चूक अनुभवाने कधीच सुधारली नाही. म्हणजे तंतू आपल्या मूळच्या जागी परतले होते. आता ती जागा उपयोगाची आहे की नाही, याचा त्या परतण्याशी काही संबंध नव्हता.

या प्रयोगांतून स्पेरींनी काढलेला निष्कर्ष १९६३ च्या त्यांच्या प्रसिद्ध लेखात पूर्णपणे मांडला आहे. प्रत्येक पेशीस वाढीच्या काळात स्वतःची रासायनिक ओळखचिठ्ठी मिळते, आणि तंतू ज्या पेशीशी त्याची रासायनिक जवळीक असेल तिच्याशीच जोडला जातो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्याच वर्षी अटार्डी व स्पेरी यांनी सुवर्णमत्स्यावरील प्रयोग प्रसिद्ध केले. दृष्टिपटलाचा काही भाग नष्ट केल्यावर उरलेले तंतू मेंदूतील मोकळ्या जागा ओलांडून आपल्या नेमक्या प्रदेशात गेले. ओळखचिठ्ठीच्या सिद्धान्ताला याहून चांगला पुरावा कोणता असणार?

स्पेरींवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, प्रत्येक पेशीला एकेक वेगळे रेणू लागते असे त्यांनी म्हटलेले नाही. एकमेकांना छेदणाऱ्या दोन दिशांनी काही द्रव्यांचे प्रमाण क्रमशः बदलत असावे, आणि त्यातून प्रत्येक पेशीला जणू तिचे अक्षांश-रेखांश मिळत असावेत, असे त्यांनी त्याच लेखात सुचविले आहे. म्हणजे लेखाच्या पोटात एक कल्पना होती आणि पाठीवर दुसरी. पोटातील कल्पना क्रमवार बदलणाऱ्या प्रमाणाची होती. पाठीवरची, म्हणजे सर्वांना दिसलेली व सर्वांनी उचललेली, नावाच्या चिठ्ठीची. शास्त्राच्या इतिहासात असे वारंवार घडते. वाचक युक्तिवाद विसरतो व रूपक लक्षात ठेवतो.

४

आता या रूपकाचा कस पाहू. चिठ्ठीवरचे नाव निश्चित असते. गोविंदाचे पत्र गोविंदाच्या घरी जाते. शेजारची घरे पाडली म्हणून ते दुसरीकडे जात नाही. पेशींच्या चिठ्ठ्याही अशा असतील, तर मेंदूतील अर्धा प्रदेश काढून टाकल्यावर त्या प्रदेशाचे तंतू अनाथ व्हावयास हवेत. १९७० मध्ये गेझ व शर्मा यांनी सुवर्णमत्स्यात नेमके हेच करून पाहिले. तंतू अनाथ झाले नाहीत. संपूर्ण दृष्टिपटलाचा नकाशा उरलेल्या अर्ध्या जागेत दाटीवाटीने, पण आपला क्रम न सोडता, मावला. उलट बाजूने १९७८ मध्ये श्मिट, सिसेरोनी व ईस्टर यांनी दाखविले की, अर्धेच दृष्टिपटल शिल्लक ठेवले तर कालांतराने त्याचे तंतू साऱ्या प्रदेशावर पसरतात. क्रम टिकला, पत्ता टिकला नाही.

पुढे त्या क्रमाचे रासायनिक अधिष्ठानही सापडले. १९९५ मध्ये फ्रीड्रिख बोनहोफर यांच्या प्रयोगशाळेने व अन्य एका गटाने मेंदूच्या प्रदेशात पुढून मागे प्रमाणाने वाढत जाणारी, तंतूंना दूर सारणारी प्रथिने ओळखली. एफ्रिन हे त्यांच्या कुळाचे नाव. त्यांना प्रतिसाद देणारी इफ नावाची ग्राहक प्रथिने गुच्छिका पेशींवर असतात, आणि त्यांचेही प्रमाण दृष्टिपटलावर क्रमशः बदलते. स्पेरींच्या पोटातील कल्पना अशी खरी ठरली.

तथापि सर्वांत उद्बोधक प्रयोग २००० सालचा आहे. ग्रेग लेम्की यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या दृष्टिपटलावर मिसळून विखुरलेल्या गुच्छिका पेशींपैकी सुमारे निम्म्या पेशींमध्ये एक जादा इफ-ग्राहक घातला. उरलेल्या निम्म्या पेशींना हातही लावलेला नव्हता. तरीही मेंदूत एकाऐवजी दोन नकाशे उमटले, आणि ज्यांना हात लावलेला नव्हता त्या पेशींचे तंतूही आपली नेहमीची जागा सोडून सरकले. याचा अर्थ उघड आहे. तंतू कोठे जाणार हे त्याच्या अंगी असलेल्या ग्राहकाच्या निव्वळ मूल्यावर अवलंबून नाही. शेजाऱ्याच्या तुलनेत ते मूल्य किती कमी-अधिक आहे, यावर अवलंबून आहे.

भाषाभ्यासकाला हे वाक्य वाचून सोस्यूर आठवल्यावाचून राहणार नाही. भाषा म्हणजे वस्तूंना दिलेल्या नावांची यादी, ही भोळी समजूत त्यांनी खोडून काढली, आणि भाषेतील घटकाचे मूल्य त्याच्या अंगभूत गुणात नसून इतर घटकांशी असलेल्या भेदात आहे, असे प्रतिपादिले. त्यांच्या मृत्यूनंतर १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानसंग्रहातील हा मध्यवर्ती विचार होय. स्पेरींची चिठ्ठी ही जुन्या नामयादीची पेशीविद्येतील आवृत्ती आहे. जो सिद्धान्त भाषेच्या बाबतीत १९१६ मध्येच अपुरा ठरला होता, तो १९६३ मध्ये भाषेच्याच शब्दांत पेशींना लावला गेला.

५

येथवरची साक्ष दृष्टिपटलातून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंची होती. दृष्टिपटलाच्या आतील गुंफणीची साक्ष याहून स्पष्ट आहे.

अॅमाक्राइन पेशींची एक जात तारकाकृती म्हणून ओळखली जाते. तिचे फाटे मध्यापासून चहूकडे, आतषबाजीच्या झाडासारखे, पसरतात. दृश्य वस्तू कोणत्या दिशेने सरकते हे कळण्यासाठी या पेशी आवश्यक असतात. त्यांच्यापुढे एक विलक्षण अडचण असते. शेजारच्या तारकाकृती पेशींचे फाटे एकमेकांवर पसरावयास हवेत. परंतु एकाच पेशीचे फाटे एकमेकांत गुंतता कामा नयेत. म्हणजे ‘माझा फाटा’ आणि ‘दुसऱ्याचा फाटा’ हा फरक साधावा लागतो, आणि दुसरा तर हुबेहूब त्याच जातीचा!

ज्युली लेफेव्र, जोशुआ सेन्स व त्यांचे सहकारी यांनी २०१२ मध्ये उंदरात याचा उलगडा केला. गॅमा-प्रोटोकॅडेरिन नावाच्या प्रथिनांचे २२ प्रकार आहेत. ते सर्व काढून टाकले असता पेशीचे फाटे स्वतःशीच गुंतले. नंतर बाविसांपैकी कोणताही एकच प्रकार परत दिला, तर फाटे पुन्हा नीट विलग झाले. परंतु सर्व तारकाकृती पेशींना तोच एक प्रकार दिला, तेव्हा शेजारच्या पेशी एकमेकींना परक्या न वाटता जणू आपलेच अंग वाटू लागल्या आणि त्यांचे परस्परांवर पसरणे कमी झाले. २०१५ मध्ये कोस्टाडिनोव्ह व सेन्स यांनी पुढची पायरी दाखविली : ही प्रथिने नसलेली पेशी स्वतःशीच चेतासंधी जोडून बसते.

या प्रयोगाची रचना भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास परिचित वाटेल. ‘काल’ मधील ‘क’ काढून तेथे ‘ग’ ठेवला की ‘गाल’ होतो व अर्थ बदलतो. म्हणून हे दोन वर्ण मराठीत भिन्न मानावयाचे. एकाच्या जागी दुसरे ठेवून पाहण्याची ही कसोटी येथे पेशींना लावली गेली आहे. कोणता प्रकार आहे याने काही बिघडत नाही. तो शेजाऱ्याहून वेगळा आहे की नाही याने सारे बिघडते. चिन्ह यादृच्छिक, भेद मात्र अनिवार्य. येथे कोणतीही पेशी कोणाचे नाव वाचीत नाही. एवढेच घडते की समान पृष्ठे स्पर्शली की दूर सरतात.

याविरुद्ध एक आक्षेप घेता येईल व तो रास्त आहे. यामागाता, वाइनर व सेन्स यांनी २००२ मध्ये कोंबडीच्या गर्भात साइडकिक नावाची प्रथिने दाखविली. ज्या पेशींवर एकाच प्रकारचे साइडकिक असते त्यांचे फाटे एकाच उपथरात एकत्र येतात. आणि ते नसलेल्या पेशीस मुद्दाम दिले तर तिचे फाटेही त्या उपथराकडे वळतात. येथे कोणता प्रकार आहे याला महत्त्व आहे. नुसता भेद पुरत नाही. म्हणून स्पेरींचे चिठ्ठीचे रूपक सर्वस्वी टाकाऊ आहे असे म्हणता येणार नाही. परंतु येथेही समान पृष्ठ समान पृष्ठाला चिकटते, इतकेच प्रत्यक्षात दिसते. चिकटणे या क्रियापदाने काम भागत असता ओळखणे हे क्रियापद आणण्याने ज्ञानात कोणती भर पडते, हे सांगण्याची जबाबदारी ते आणणाऱ्यावर आहे.

डीएसकॅम या प्रथिनाचे उदाहरण तर ओळखीच्या भाषेला सरळच अडचणीत आणते. कोंबडीत त्याने समान पेशींना एका उपथरात एकत्र आणल्याचे यामागाता व सेन्स यांनी २००८ मध्ये दाखविले. त्याच वर्षी प्यूर्स्ट व त्यांचे सहकारी यांनी उंदरात हे प्रथिन नसले तर काही जातींच्या अॅमाक्राइन पेशी व त्यांचे फाटे एकत्र गोळा होतात, असे दाखविले. म्हणजे तेथे ते त्यांना विलग ठेवीत होते. एकच रेणू एका प्राण्यात जवळ आणतो व दुसऱ्यात दूर ठेवतो. त्याच्यावर ‘काय लिहिले आहे’ हा प्रश्नच मग निरर्थक ठरतो. त्याचा परिणाम संदर्भाने ठरतो.

६

रासायनिक ओळखीच्या जोडीला दुसरी एक शब्दावली आहे, ती विद्युत्-क्रियेची. १९८८ मध्ये गॅली व माफेई यांनी उंदराच्या गर्भातील गुच्छिका पेशी प्रकाशाचा किरणही न पाहता आपोआप क्षोभित होतात, असे नोंदविले. १९९१ मध्ये माइस्टर, वाँग, बेलर व शॅट्झ यांनी दाखविले की, हे क्षोभ लाटांसारखे दृष्टिपटलावरून सरकतात. दोन डोळ्यांतून आलेले तंतू मेंदूत वेगवेगळ्या थरांत विभागले जाण्याशी या लाटांचा संबंध आहे.

हा शोध मोठा. परंतु तो लोकांपर्यंत पोहोचला तो एका घोषवाक्याच्या रूपाने : ज्या पेशी एकाच वेळी चेततात त्या एकत्र जोडल्या जातात. मूळ इंग्रजीत ‘फायर’ व ‘वायर’ यांचे यमक जुळते, आणि या वाक्याच्या प्रसारात त्या यमकाचा वाटा पुराव्याहून कमी नसावा. मराठीत आणताच यमक गळून पडते व उरलेला अर्थ तपासता येतो. हे वाक्य पुष्कळदा डोनाल्ड हेब यांच्या नावावर सांगितले जाते. हेब यांचे १९४९ चे प्रतिपादन मात्र निराळे होते : एक पेशी दुसरीला चेतविण्यात वारंवार भाग घेत असेल, तर त्यांचा संबंध दृढ होतो. त्यात आधी कोण व नंतर कोण हा क्रम आहे. घोषवाक्यात केवळ समकालिकता आहे. यमकासाठी कार्यकारणभाव गमावला.

शिवाय ही घोषणा सर्वत्र लागू पडत नाही. तारकाकृती पेशींचा दिशाभेद जाणणाऱ्या गुच्छिका पेशींशी असलेला संबंध प्रथम सर्व बाजूंनी सारखा असतो. उंदराच्या जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास एका बाजूचा संबंध झपाट्याने बळावतो, असे वेई, फेलर व त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये दाखविले. त्या वेळी उंदराचे डोळे उघडलेलेही नसतात, आणि क्षोभांच्या लाटा रोखल्या तरी दिशाभेद उत्पन्न होतो. म्हणून लाटा ‘शिकवितात’ की केवळ ‘मुभा देतात’, असा वाद जेव्हा घातला जातो, तेव्हा वादाचा निम्मा भाग पेशींविषयी व निम्मा ‘शिकविणे’ या क्रियापदाविषयी असतो, हे ध्यानी ठेवावे.

७

हा दोष केवळ जीवशास्त्रज्ञांचा आहे असे सुचवावयाचे नाही. रोमान याकोब्सन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस जनुकांचा संकेत व भाषा यांतील साम्याकडे भाषाभ्यासकांचे लक्ष वेधले, आणि तेव्हापासून ‘निसर्गातही भाषा आहे’ हे वाक्य आपल्या वर्गांत सहज उच्चारले जाऊ लागले. प्रस्तुत लेखकानेही काही वर्षे ते उच्चारले. पेशी संकेत वाचतात, तस्मात् संकेतव्यवस्था हा निसर्गाचाच धर्म होय, असा तो युक्तिवाद असे. त्यातील चक्र त्याच्या उशिरा ध्यानात आले. ‘संकेत’ व ‘वाचन’ हे शब्द जीवशास्त्राने आपल्याकडूनच उसने घेतले होते. आपण ते परत घेतले आणि परतफेड हाच स्वतंत्र पुरावा समजलो. वर सोस्यूर यांच्या विचाराशी जे साम्य दाखविले आहे त्याचाही असा दुरुपयोग होऊ नये. भेदावर आधारलेली व्यवस्था भाषेत आहे व दृष्टिपटलातही आहे, एवढेच त्यातून निघते. दृष्टिपटलात भाषा आहे असे निघत नाही. भाषेत चिन्ह दुसऱ्या कशाचा तरी बोध करून देते. प्रोटोकॅडेरिन कशाचाही बोध करून देत नाही.

मराठीपुरता हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. आपल्या भाषेत ओळख ‘पटते’, ‘होते’, ‘ठेवली जाते’, ‘विसरली जाते’. प्रत्येक प्रयोगात जाणणारा कोणी तरी गृहीत असतो. विद्यार्थी जेव्हा ‘पेशी योग्य पेशीस ओळखते’ असे वाक्य वाचतो, तेव्हा त्याला उत्तर मिळाल्यासारखे वाटते व तो पुढचा प्रश्न विचारीत नाही. ‘समान पृष्ठे स्पर्शली की तेथील फाटे मागे घेतले जातात’ असे वाक्य वाचले, तर ‘ते का?’ असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो. पहिले वाक्य सुबोध आहे म्हणून पाठ्यपुस्तकात येते. दुसरे खडबडीत आहे, पण जिज्ञासा जिवंत ठेवणारे आहे.

म्हणून परिभाषा घडविणाऱ्यांपुढे एक साधी कसोटी ठेवावीशी वाटते. ज्या प्रयोगात पेशीपुढे दोन पर्याय ठेवले गेले, एकाच्या जागी दुसरा बदलून पाहिला गेला आणि त्यानुसार परिणाम बदलला, तेथे ‘भेद करणे’ हा शब्द योजावा. जेथे केवळ चिकटणे, दूर सरणे, टिकणे किंवा नाहीसे होणे दिसले, तेथे तीच क्रियापदे वापरावी. ती आपल्या भाषेत भरपूर आहेत व कोणालाही कळण्यासारखी आहेत. ‘ओळख’ हा शब्द माणसांसाठी राखून ठेवावा. दृष्टिपटलातील पेशींना त्याची गरज पडलेली नाही. त्यांचे काम एकमेकींपासून वेगळे राहण्याने व वेळीच चिकटण्याने चालले आहे.